पियानोच्या बाई

पस्तीस वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. पत्नीला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही. ज्या दोघांना ठाऊक होती ते दोघेही आता नाहीत. मग तुम्हाला का सांगतो आहे — तुमची-माझी ओळख नाही म्हणून? अनोळखी माणसासमोर लाज कमी वाटते म्हणून? तसं असेल तर हाही भित्रेपणाच झाला. असू दे. यापूर्वी चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा पहिल्याच पानावर मला माझ्या भाषेची चीड आली. वाक्यं सुबक होत गेली आणि सुबक वाक्यांच्या आड मी पुन्हा लपलो. माझा आवाज मृदू आहे. लोक म्हणतात, सर कधी कुणाला दुखवत नाहीत. हे ऐकलं की टेबलावर मूठ आपटावीशी वाटते. पण मूठ आपटणारा माणूस मी नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

गोष्ट एका जर्मन विनोदी चित्रपटाची आहे. हसू नका — नाही, हसा. त्या दिवशी दोनशे माणसं हसली होती, आणि ती हसली हीच माझी माझ्याविरुद्धची तक्रार आहे.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि मी बावीस वर्षांचा होतो. आमचं एक चित्रपट मंडळ होतं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, एका महाविद्यालयाच्या सभागृहात, परदेशी चित्रपट दाखवला जाई. रेल्वेच्या पार्सलने पत्र्याचे गोल डबे येत. चित्रपटाखाली इंग्रजी ओळी असल्या तर ठीक. नसल्या तर मंडळाची एक पद्धत होती. प्रोजेक्टरशेजारी स्टुलावर एक जण माईक घेऊन बसे, लाल कागद गुंडाळलेली बॅटरी वहीवर धरी आणि पडद्यावरची माणसं बोलतील तसतसं मराठीतून वाचत जाई. अभिनय करायचा नाही. आवाज चढवायचा नाही. पदरचं काही घालायचं नाही. अंधारात बसलेल्या माणसांना त्या चित्रपटाकडे जायला दुसरी वाटच नसे. वाचणारा म्हणेल ते खरं. हे काम माझ्याकडे होतं, आणि त्याचा मला केवढा गर्व होता! दोनशे माणसं माझ्या तोंडाने ऐकतात, असं मी मित्रांना सांगत असे.

जर्मन मला कितपत येत होतं? जेमतेम. जे येत होतं ते मोईनसाहेबांमुळे. हे कापड गिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पंच्याहत्तरीला आलेले, शिडशिडीत, शेरवानीची वरची गुंडी कायम लावलेली. तरुणपणी, महायुद्धाच्या आधी, कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकायला ते दोन वर्षं जर्मनीत राहिले होते. ज्या बाईंच्या घरी राहिले, त्यांच्याशी पुढे चाळीस वर्षं पत्रव्यवहार. त्या बाईंनीच त्यांना एक कादंबरी पाठवली होती — युद्ध संपल्यावर, हरलेल्या, ढिगाऱ्यातून उठणाऱ्या त्या देशात लिहिली गेलेली विनोदी कादंबरी. तिच्यावर पुढे चित्रपटही निघाला. मंडळात दर चित्रपटाआधी पाच मिनिटं प्रस्तावना करण्याचा मान मोईनसाहेबांचा होता, आणि हा चित्रपट आणावा म्हणून ते दोन वर्षं समितीच्या मागे लागले होते. अखेर अध्यक्षांनी मान्यता दिली. अध्यक्ष म्हणजे भाऊ. माझे वडील.

भाऊंबद्दलही सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भाऊ मूळचे बिडकीनचे. निजामी राजवटीविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले. नंतर शहरात मुख्याध्यापक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. पांढरी टोपी, ताठ मान, मोजकं बोलणं. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. गुरुजींचा मुलगा — एवढी ओळख मला शहरात पुरे होत होती.

आता चित्रपट. एका लहान गावात संगीत शिकवणाऱ्या एक बाई असतात. गावातल्या प्रत्येक मुलाने त्यांच्या पियानोवर बोटं आपटलेली. एक दिवस, युद्धाच्या काळात, बाईंना गावातून घालवून देण्यात येतं — का, ते सगळ्यांना ठाऊक, पण कुणी उच्चारत नाही — आणि बाईंचा पियानो शेजारचा पाववाला आपल्या घरी नेतो. पुढे युद्ध संपतं आणि बातमी येते: बाई जिवंत आहेत, परत येताहेत. इथून धमाल सुरू होते. ज्याच्या घरी पियानो सापडेल तो चोर ठरणार. म्हणून पियानो या घरातून त्या घरात फिरू लागतो. पाववाला त्यावर चादर घालून पाव मांडतो. गिऱ्हाईक रेललं की आतून खर्ज घुमतो आणि पाववाला घाईघाईने खोकतो. मग पियानो मोठ्या शवपेटीत घालून भर दुपारी प्रेतयात्रेसारखा मिरवत नेतात. रस्त्यावरची माणसं टोप्या काढून उभी राहतात, चढावर तारा झणझणतात आणि धर्मगुरू घाबरून वरच्या पट्टीत गाऊ लागतो. महापौर त्याचं कोंबड्यांचं खुराडं करतो. तोवर बाई कपड्यांची एक लहानशी पेटी घेऊन आगगाडीतून उतरतात आणि आपल्याच गावातल्या खाणावळीत उतरतात. घरोघरी जातात. प्रत्येक घरी कॉफी, केक, विचारपूस. पियानोचं नाव कुणी काढत नाही. त्याही काढत नाहीत.

शेवटी एका सकाळी पियानो खाणावळीच्या अंगणात उभा दिसतो. तीन पट्ट्या गळालेल्या, एका पायाच्या जागी झाडूचा दांडा. खिडक्यांच्या पडद्यांआडून सारा गाव बघतो आहे. बाई बसतात. मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचा तो धडा वाजवतात. मग वळून, अगदी साधेपणाने विचारतात — मध्यंतरी कुणी हा सुरात लावून घेतला होता का?

एवढंच. पुरुष एकेक करून टोप्या काढतात, त्या खोट्या प्रेतयात्रेला काढल्या होत्या तशाच. चित्रपट संपतो.

हा शेवट मराठीत आणायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला. संवादांची जर्मन यादी टपालाने दीड महिना आधी आली होती. शहागंजच्या मागच्या गल्लीत मोईनसाहेबांच्या बैठकीत आम्ही बसत असू. ते एकेक ओळ फोडून सांगत, मी मराठी करून वहीत उतरवत असे. शेवटच्या ओळीला मी काहीतरी गहिवरलेलं लिहिलं होतं. मोईनसाहेबांनी चष्मा काढला.

"अरे मियाँ, रोना नक्को डालो इसमें. कॉमेडी है ये."

"पण साहेब, तिचं सगळंच गेलंय."

"गेलंय ना? म्हणून तर. बाई हँस के पूछ री. बाई रडली तर गाववाले रडतील, रडून मोकळे होतील. ती मोकळं करत नाही त्यांना. समझे?"

मी तेव्हा मान डोलावली. समजलं मात्र आत्ता कुठे — आणि समजून काय उपयोग?

आणखी एक ओळ होती, अगदी सुरुवातीची. पाववाल्याची बायको विचारते, हा पियानो कुठला? तो सांगतो. मोईनसाहेबांनी अर्थ सांगितला आणि माझ्या हातून वहीत आपोआप उतरलं: "बाई गेल्या, पियानो आला." मोईनसाहेब खूश झाले. वाहवा, म्हणाले, असली मराठी पाहिजे. ती ओळ माझी नव्हती. ती आमच्या काकूची होती.

हे जरा मागून सांगावं लागेल. आमच्या घरात एक शिसवी मेज आहे. चार खण, पितळी कड्या. मी याच मेजावर अभ्यास केला. बारा वर्षांचा असताना मी काकूला विचारलं होतं, हे मेज कुठलं? आमचे आजोबा कुणबी-शेतकरी. असलं मेज त्यांच्याकडे यायचं कुठून? काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोलीस ॲक्शनच्या साली. उर्दू शाळेचे मास्तर गेले, मेज आलं." मास्तर कुठे गेले, का गेले — मी विचारलं नाही. रझाकारांनी जे केलं ते आमच्या घरी मोठ्या आवाजात, नावानिशी सांगितलं जाई, आणि ते खरंच होतं. पोलीस ॲक्शनने निजामाचं राज्य संपलं, त्यानंतरच्या आठवड्यांत बिडकीनच्या मुसलमान घरांचं काय झालं ते मात्र कुणी सांगत नसे. मास्तरांकडे भाऊ स्वतः चार इयत्ता शिकले होते, हे मला नंतर कळलं. मेज बैलगाडीतून आजोबांनी आणलं. भाऊंनी त्यावर आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या.

पाहिलंत, मी कसा फिरतो आहे? मुद्द्याच्या चारी बाजूंनी प्रदक्षिणा घालतो आहे आणि आत पाऊल टाकत नाही. स्वतःचा संताप येतो तो याचाच. बरं — आता सांगतो.

रविवार उजाडला. सभागृह भरलं. मोईनसाहेबांनी प्रस्तावना केली. उर्दूमिश्रित मराठीत, हात मागे बांधून. "हा पिच्चर हसण्यासाठी आहे," ते म्हणाले, "फक्त घरी जाताना जरा बघा, कशावर हसलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. पहिल्या रांगेत मधोमध भाऊ होते. दिवे मालवले. मी बॅटरी पेटवली.

पाववाल्याची बायको पडद्यावर आली. हा पियानो कुठला, तिने विचारलं, मी वाचलं. पाववाल्याने तोंड उघडलं. मी वहीत पाहिलं: "बाई गेल्या, पियानो आला." आणि मान वर केली. पडद्याच्या उजेडात पहिल्या रांगेतली पांढरी टोपी स्वच्छ दिसत होती. हलत नव्हती.

त्या दोन-तीन सेकंदांत मी काय विचार केला? काहीही नाही. विचार केला असता तर निदान तो माझा निर्णय म्हणता आला असता. घशातून आपोआप आलं: "जप्तीवाले येणारेत, लपव पियानो!"

सभागृह हसलं. मोकळं, खळखळून. पाववाल्याचा चेहरा त्या वाक्याला इतका चपखल बसला की मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं — आणि मग लक्षात आलं की आता मागे फिरता येणार नाही. एक ओळ बदलली की दुसरी बदलावी लागते. पियानोवर जप्ती, तर मग लपवालपवी कर चुकवण्यासाठी. मग धर्मगुरू कर चुकवणारा, महापौर कर चुकवणारा. वही मांडीवर उघडी होती आणि मी तिच्यात बघतही नव्हतो. आणि बाई? आगगाडीतून लहानशी पेटी घेऊन उतरलेल्या बाई? त्यांचं काय करायचं?

मी त्यांना करवसुली अधिकारी केलं.

हे लिहिताना हात थांबला होता. लिहिलं तर आहे. ज्या बाईचं घर गेलं, गाव गेलं, तिला मी दीड तास दोनशे माणसांसमोर लोकांच्या दारोदार वसुली करत फिरणारी खाष्ट बाई केलं. कॉफी पुढे करणारी माणसं तिला लाच देत होती. ती केक न खाता उठली की लोक हसत: काय खडूस बाई आहे! मागून कुणीतरी ओरडलंही, "ओ बाई, घरपट्टी माफ करा की!" त्यावर आणखी हशा. अभिनय करायचा नाही, हा मंडळाचा नियम. मी तर त्या बाईंना चिरका आवाजही दिला. हो, तोही दिला. कुणी सांगितलं होतं?

मध्ये एकदा मोईनसाहेब वळले. प्रोजेक्टरच्या झोतात त्यांचा चेहरा उजळला. डोळ्यांवर हात धरून त्यांनी माझ्या दिशेने पाहिलं. उजेडामुळे त्यांना मी दिसलो नसणार. मला ते दिसले. मग ते समोर वळले आणि पुन्हा वळले नाहीत.

शेवट आला. अंगण, झाडूचा दांडा, मुलांचा पहिला धडा. बाई वळल्या आणि त्यांनी विचारलं. मी म्हणालो — "कर भरा, आणि घेऊन जा तुमचा खटारा!"

टाळ्या पडल्या. टोप्या काढणाऱ्या माणसांवर टाळ्या पडल्या. बाहेर पडताना लोक माझी पाठ थोपटत होते: लई भारी वाचलं राव, पोट दुखलं हसून. मोईनसाहेब त्या गर्दीत नव्हते. भाऊ रिक्षात माझ्या शेजारी बसले आणि घरापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, वाचलो. भाऊंना वाचवलं, असंही वाटलं. वडिलांची अब्रू राखणारा मुलगा! त्या दुपारी मी पोटभर जेवलो.

इथेच ही गोष्ट थांबली असती, तर ती एका घाबरट मुलाची चूक म्हणून मी कधीतरी कुणाला सांगूनही टाकली असती. तसं झालं नाही.

चितेगावकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन अभियंता त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसला होता. त्याला मराठीचा गंध नव्हता. पण चित्रपट त्याला पाठ होता. त्याने मंडळाच्या चिटणीसांना पत्र लिहिलं, फार सभ्य भाषेत: माझ्या देशातला चित्रपट इतक्या दूर पाहून आनंद झाला, फक्त एक कळलं नाही. आमच्याकडे जिथे सभागृह गप्प होतं, तिथे तुमचे लोक हसत होते. त्या बाईंना हसत होते. असं का?

चिटणीस वकील होते. मोठ्या तोंडाचे, मनाने वाईट नव्हेत. त्यांनी समितीची बैठक बोलावली. भाऊ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे आले नव्हते. मोईनसाहेब आले होते. मी आलो होतो, आणि माझ्या मांडीवरच्या, गाठ मारलेल्या शबनम पिशवीत ती वही होती. वकीलसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं.

"काय हो, कोणता पिच्चर वाचला तुम्ही? पडद्यावर एक, माईकवर दुसरा? परक्या माणसासमोर इज्जत गेली ना आपली!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वही काढून टेबलावर ठेवली असती तर एका मिनिटात सगळं उघड झालं असतं: मोईनसाहेबांचा अर्थ, माझं मराठी, ओळीसमोर ओळ. मी शबनमवर हात ठेवला. आणि म्हणालो, "अर्थ साहेबांनी सांगितला. मी फक्त मराठी केलं."

शब्दशः पाहिलं तर हे वाक्य खोटं नव्हतं. अर्थ त्यांनीच सांगितला होता. मराठी मीच केलं होतं. या हुशारीचं मला किती वर्षं समाधान वाटत होतं, ते सांगायलाही लाज वाटते.

मोईनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं — एकदाच, फार वेळ नाही. त्यात राग असता तर मी आज एवढा चडफडलो नसतो. एखादा रंग कापडावर नीट का चढला नाही, हे निरखावं तसं त्यांनी मला निरखलं. मग ते वकीलसाहेबांकडे वळले.

"जी, माझीच चूक आसंल. उमर झाली. लफ्ज़ सटकते आजकल." आणि म्हणाले, "बच्चे का कुसूर नहीं."

मी बसून राहिलो. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचंस. हो. तेव्हा तरी. कितीदा मी त्या खोलीत परत जातो आणि शबनमची गाठ सोडतो! गाठ दर वेळी सुटते. खोली दर वेळी रिकामी असते.

त्यानंतर प्रस्तावनेचं काम एका प्राध्यापकांकडे गेलं. संपूर्ण संवादांचं भाषांतर मोईनसाहेबांच्या नावानिशी मंडळाच्या पुस्तिकेत छापायचं ठरलं होतं. ते कुणी रद्द केलं नाही, फक्त त्याविषयी बोलणं बंद झालं. मोईनसाहेब पुढे दोनदा आले, मागच्या रांगेत बसले. मग यायचे थांबले. भाऊंनी विचारलं, मोईनभाई दिसत नाहीत हल्ली? मी म्हणालो, गुडघे दुखतात म्हणे. हे मात्र शब्दशः खोटं होतं.

सहा वर्षं गेली. भाऊ अंथरुणाला खिळले. आम्ही तेव्हा मुकुंदवाडीला राहत होतो. एके दुपारी मी त्यांना पेज भरवत होतो. शेवटच्या आजारात त्यांची शाळेची भाषा गळून पडली होती. ते पुन्हा बिडकीनचं बोलू लागले होते.

"काय रे," ते म्हणाले, "त्या बाईला गावला का तिचा पियानो, शेवटी?"

"कोणत्या बाईला, भाऊ?"

"नाटक नको करू. मोईनभाईनं समदी गोष्ट सांगितली व्हती मला. पिच्चर आणायच्या आधीच. हितंच, ह्या मेजावर चहा पेत. मीच म्हणलो, आणा."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

"मी मास्तरांचं सांगितलं त्यांना. मेजाचं. पहिल्यांदा कुणाला सांगितलं आसंल तर त्यांना. माझ्यानं लोकांत बोलवत नव्हतं रे. म्हणलं, पोरगा वाचंल माईकवर. चार लोकांत एकदा ऐकू तरी येईल." त्यांनी माझ्या हातातला चमचा बाजूला सारला. "पैल्या रांगेत त्याच्यासाठीच बसलो व्हतो. अन् तू कर वसूल केलास."

त्यांनी मान वळवली. पेज संपली नाही.

म्हणजे मी भाऊंना वाचवलं नव्हतं. ज्या एका वाक्याची वाट पाहत माझे वडील पहिल्या रांगेत बसले होते, तेच वाक्य मी गिळलं. वडिलांसाठी केलं, ही एवढी एक पुरचुंडी मी सहा वर्षं छातीशी धरून होतो. ती त्यांनी एका दुपारी सोडून दाखवली, आणि तिच्यात काहीही नव्हतं. मला माझी लाज राखायची होती. गुरुजींचा मुलगा म्हणून मिळणारा मान मला राखायचा होता. दुसरं काही नाही.

आणि मोईनसाहेब तेव्हा जिवंत होते. हे विसरू नका. मला विसरता येत नाही. भाऊ गेल्यावर महिन्याभराने मी शहागंजच्या मागे त्या गल्लीत गेलो. वही बरोबर होती. मोईनसाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, शेरवानीची वरची गुंडी लावलेली. हातात भिंग, मांडीवर वर्तमानपत्र. मी दहा पावलांवर थांबलो. चाहूल लागून त्यांनी मान वर केली.

"कौन है जी? आवाज दो. आँखें काम नहीं करतीं अब."

आवाज. ज्याला माझा आवाज ऐकायचा होता, त्याने तो स्वतः मागितला. उभा राहून आवाज देणं — याहून सोपं काम आयुष्यात कुणी माझ्याकडे मागितलं नाही. मोईनसाहेब थोडा वेळ माझ्या दिशेला तोंड करून थांबले. मग म्हणाले, "अच्छा, खुश रहो," आणि पुन्हा भिंग उचललं.

मी आवाज दिला नाही. परत आलो. त्याच थंडीत ते गेले, हे मला आठवड्यानंतर कळलं.

मेज माझ्याकडेच आहे. यावरच लिहितो आहे. परत द्यायला कुणी उरलं नाही, असं मी मनाशी म्हणतो. बिडकीनला जाऊन कधी विचारलं? नाही. वही उजवीकडच्या खालच्या खणात आहे. शेवटून दुसऱ्या पानावर, माझ्या अक्षरात, मोईनसाहेबांनी गहिवर काढून टाकायला लावलेली ती ओळ आहे: "मध्यंतरी कुणी हा सुरात लावून घेतला होता का?" ती त्या सभागृहात कुणी ऐकली नाही. समितीच्या खोलीत जे म्हणायचं होतं तेही कुणी ऐकलं नाही. तिथे बसलेल्यांपैकी आता ऐकायला फारसं कुणी नाही. तरी ते इथे लिहून ठेवतो.

मोईनसाहेबांनी प्रत्येक शब्द बरोबर सांगितला होता.